घरच्यांना मार्क नाहीत

कूलरला नवी खस लागली की आमच्याकडे युरोप सुरू होतो.

भूगोलाच्या वर्गात मी असं वाक्य बोलले असते तर पोरींनी एकमेकींना कोपरानं ढोसलं असतं. पण आहे ते असं आहे. यंदाही एप्रिल सरता सरता ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, कूलरच्या जाळ्या अंगणात काढल्या, गेल्या वर्षीची काळी पडलेली खस, म्हणजे वाळ्याची मुळं, झटकली, नवी दाबून बसवली आणि तिच्यावर नळीनं पाणी सोडलं. तो ओला, मातकट, थोडा औषधासारखा वास घरात शिरला आणि मला एकदम माल्टा आठवला. माल्टा मी पाहिलेला नाही, आता पाहण्याची शक्यताही दिसत नाही. पण जबलपूरच्या मे महिन्यात, घमापूरच्या आमच्या गल्लीत, आम्ही एकदा माल्टा झालो ते आजवर आहोत.

तर युरोपात देशादेशांमधली गाण्यांची एक मोठी स्पर्धा असते. दर मे महिन्यात, टीव्हीवर. प्रत्येक देश एक नवं कोरं गाणं घेऊन येतो. कुणी पिसांचा झगा घालून येतं, कुणाच्या पाठीमागे ज्वाळा उठतात, कुणाचे केस खालून सोडलेल्या वाऱ्यावर उडत असतात, आणि कुणी नुसतंच उभं राहून गातं आणि तेच गाणं दिवसभर आपल्या मागे लागतं. शेवटी एकेका देशातून एकेक माणूस नटूनथटून पडद्यावर येतो आणि आपल्या देशाचे मार्क सांगतो. सगळ्यांत जास्त बारा. ते कुणाला, हे सांगण्याआधी तो माणूस इतका थांबतो की आपला चहा गार होतो. आणि एक नियम पक्का: स्वतःच्या देशाला मार्क देता येत नाहीत.

तिकडे ती स्पर्धा रंगात येते तेव्हा आपल्याकडे सगळे गाढ झोपेत असतात. म्हणून आम्ही ती रविवारी सकाळी बघतो, पोह्यांबरोबर. तोवर कुणी फोन उघडायचा नाही अशी शपथ असते. समोरचे गावंडे काका, रेल्वेतून रिटायर झालेले, एका वर्षी चोरून निकाल पाहून आले आणि सगळा वेळ तोंडात गरम बटाटा धरल्यासारखे बसले. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणायचे, मी कुठं काय बोलून राहिलो. ते बोलले नाहीत हे खरं. पण आमच्या लाडक्या देशाचं गाणं लागल्यावर त्यांनी असा काही सुस्कारा सोडला की पुढचं बघण्यात अर्थ उरला नाही.

हे सगळं वेड आणलं ते माझ्या मुलीनं, रेवानं. नर्मदेच्या काठच्या गावात मुलीचं नाव रेवा असणं यात नवल नाही. मी शिकवायचे त्या शाळेत वर्गात हाक मारली की दोघी-तिघी उभ्या राहत. आमची रेवा गाणारी. बोलताना तिचं मराठी इथल्या सगळ्या पोरांसारखं, अर्ध्या वाक्यात हिंदीत घसरणारं, पण गायला लागली की असं स्वच्छ मराठी येई की मीच चकित व्हायचे. त्या वर्षी तिचं संगीतातलं एम. ए. संपलं होतं आणि एस्टोनियात जाऊन वृंदगान शिकण्यासाठी तिला शिष्यवृत्ती मिळाली होती. एस्टोनिया मी जन्मभर नकाशावर दाखवला, पण परीक्षेत कधी विचारला नव्हता. तिथले लोक म्हणे हजारोंनी एका मैदानात उभे राहून एकत्र गातात. आमच्याकडे चार माणसं एकत्र आरती म्हणतात तर दोन पुढे पळतात, दोन मागे राहतात.

ह्यांनी त्यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ‘पाहू’ म्हणाले.

ह्यांचं सांगायला हवं. हे फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. सुट्या भागाला मापाचं गेज लावायचं, बसलं तर पास, नाही बसलं तर रिजेक्ट. घरी आले तरी ते गेज काही खिशातून निघत नसे. ह्यांची सगळ्यांत मोठी दाद म्हणजे ‘ठीक आहे’. लग्नानंतरच्या पहिल्या होळीला माझ्या पुरणपोळीला ‘ठीक आहे’ मिळालं तेव्हा मी आत जाऊन रडले. सासूबाई म्हणाल्या, अगं वेडे, त्यानं ठीक म्हटलं म्हणजे आता तू गावजेवण घालायला मोकळी. रेवाच्या वाट्याला तर तेवढंही येत नसे. आपल्या लेकराची तारीफ आपण करायची नसते, लोकांनी करायची असते, मायबापाची दृष्ट सगळ्यांत आधी लागते, हे ह्यांच्या घरचं जुनं शास्त्र. रेवा वर्गात पहिली आली की हे विचारायचे, दुसरी कोण आली?

मला तो उन्हाळा आठवतो तो गच्चीवरच्या कुरडयांनी. भल्या सकाळी आम्ही गव्हाचा चीक शिजवायचो, ऊन चढायच्या आत जुन्या साड्यांवर कुरडया घालायचो आणि संध्याकाळी त्या खडखडीत वाळलेल्या गोळा करायचो. अशाच एका संध्याकाळी साडीच्या काठावरच्या कुरडया सोडवता सोडवता रेवा म्हणाली, “आई, बाबांनी जाऊ नको म्हटलं ना, तो भी चलेगा. पण मी चांगली गाते का नाही, हे एक बार तरी त्यांनी सांगावं.” तिच्या हातातली कुरडई तुटली. तो तुकडा तिनं तोंडात टाकला आणि विषय संपला. माझ्या मात्र तो डोक्यात बसला. शिष्यवृत्ती परक्या लोकांनी दिली होती, गल्लीनं पेढे खाल्ले होते, आणि ही पोर ज्याच्यासाठी अडली होती तो शब्द आमच्या घरात, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला होता.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही पहिल्यांदा ती स्पर्धा पाहिली. गल्लीतली आमची जवळची चार घरं. आम्ही, गावंडे काका, कोपऱ्यावरच्या शोभाकाकू देशकर आणि आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दुबे भाभी. सगळे आमच्या बाहेरच्या खोलीत, कारण आमचा कूलर मोठा. कार्यक्रम संपला तेव्हा गावंडे काकांच्या अंगात वारं आलं होतं. “चार घरं म्हणजे चार देश,” ते म्हणाले. “आपल्याइथं काहून नाही होणार?” रेवाला तेवढंच हवं होतं.

चिठ्ठ्या टाकल्या. आम्हाला माल्टा आलं, काकांना पोर्तुगाल, शोभाकाकूंना फिनलंड. दुबे भाभींनी हात आखडता घेतला. म्हणाल्या, हम तो मराठी भी नहीं, हम कहाँ से आएँगे. तेव्हा रेवानं त्यांना सांगितलं की त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियासुद्धा गायलेलं आहे, आणि ऑस्ट्रेलिया कुठं आहे ते आईला विचारा. भूगोलाच्या नावानं मी साक्ष दिली. भाभी ऑस्ट्रेलिया झाल्या आणि त्या दिवसापासून आमच्या गल्लीत त्यांना कुणी दुसऱ्या नावानं हाक मारलेली मला आठवत नाही.

नियम रेवाचे. गाणं नवं हवं, कुणी आधी गायलेलं चालणार नाही. मार्क आपापल्या स्वयंपाकघरातून, फोनवर चेहरा दाखवून द्यायचे. सगळे एकाच गच्चीवर बसलेले असताना मार्क द्यायला घरी काहून जायचं, असं शोभाकाकूंनी विचारलं. त्याशिवाय देश वाटत नाही, असं उत्तर मिळालं. आणि घरच्यांना मार्क नाहीत. हा शेवटचा नियम ह्यांना फार पटला. इतका की त्यांनी मान हलवून दोनदा म्हणून दाखवला.

तो आठवडा गल्लीत काय आनंदाचा गेला म्हणून सांगू! कुणी भाजी चिरताना गुणगुणायचं आणि दुसरं कुणी खिडकीशी आलं की गप्प व्हायचं. दुपारी लू सुटलेली, रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि गावंडे काकांच्या बंद दारामागून पेटीचा एकच सूर पुन्हा पुन्हा येतो आहे. पन्ह्याच्या कैऱ्या उकडताना मीसुद्धा नद्यांच्या नावांवर एक ओळ जुळवली होती, पण आमच्याकडून रेवा गाणार होती म्हणून ती मी कैऱ्यांबरोबर सोलून टाकली.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारलं. तापलेल्या फरशीतून वाफ निघाली, मग जरा बसण्यासारखं झालं. खालचा कूलर वर चढवला होता, कारण टीव्हीवर गाणाऱ्यांचे केस उडतात तसे आमचेही उडायला हवे होते. उडाले. गावंडे काकांना मुळात केस कमी, पण त्यांचं उपरणं उडून दुबे भाभींच्या तोंडावर गेलं. काकांचं गाणं नळाला पाणी कधी येतं यावर होतं आणि त्यात फार खरी कळकळ होती. भाभींनी माहेरच्या आंब्याच्या झाडावर बुंदेलीत गाणं रचलं होतं. शब्द सगळे कळले नाहीत, पण झाड दिसलं. मग शोभाकाकू. त्यांच्या गळ्यात सूर नाही हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात. कुरडयांवरचं गाणं म्हणता म्हणता दुसरं कडवं विसरल्या म्हणून पहिलंच तीनदा म्हणाल्या. कूलरचे शिंतोडे चष्म्यावर उडत होते, त्यातूनही त्या डोळे मिटून गात होत्या. शेवटी पाण्याचा अख्खा तांब्या त्यांनी एका दमात रिकामा केला.

मग रेवा उभी राहिली. तिचं गाणं दुपारच्या वेळेबद्दल होतं. सगळे झोपलेत, कूलरचं पाणी बादलीत थेंब थेंब पडतंय, आणि घरात एकच माणूस जागं आहे. एवढंच. पहिली ओळ झाली आणि हे उठले. सरळ जाऊन त्यांनी कूलरचं बटण बंद केलं आणि परत येऊन, गुडघ्यांवर हात ठेवून बसले. गच्ची एकदम शांत झाली. रेवाचे केस खाली बसले. तिनं एकदा बापाकडं पाहिलं आणि गात राहिली. मला तिच्या आवाजाबद्दल लिहिता येत नाही, मी आई आहे. एवढं सांगते की गावंडे काका त्या वेळी पंखा घ्यायला वाकले होते ते तसेच वाकलेले राहिले.

आता मार्क. मंडळी आपापल्या घरी पांगली, आणि रेवा गच्चीवर एकटी, मांडीवर लॅपटॉप घेऊन. भाभींच्या मागं कुकर शिट्ट्या देत होता. गावंडे काकांनी फोन उलटा धरला होता, त्यामुळे पोर्तुगालचे मार्क बराच वेळ आम्ही त्यांच्या छताकडून ऐकले. आठ, दहा, आणि मग बारा. काकांचे बारा शोभाकाकूंना. भाभींचे बारा शोभाकाकूंना. आमच्या घरचे ह्यांनी सांगितले, बारा शोभाकाकूंना. प्रत्येक घरानं मनाशी हाच विचार केला होता की बिचारीला दुसरं कुणी देणार नाही, निदान आपण तरी द्यावेत. असा भिडेखातर सगळ्या देशांचा एकमुखी निकाल लागला आणि शोभाकाकू पैकीच्या पैकी मार्कांनी जिंकल्या. रेवाला तिन्ही घरांकडून आठ. आठाच्या खाली आमच्याकडे मार्कच नव्हते.

शोभाकाकू त्या आनंदात कमानिया गेटजवळून खोव्याची जलेबी मागवून बसल्या. काळी, जाड, पाकात निथळणारी. रेवाच्या तोंडात त्यांनी स्वतः कोंबली आणि म्हणाल्या, “तुले कायले मार्क देऊ? तू काय परकी आहे काय?” त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं आणि रेवालाही कळलं असावं. आमच्यात मार्क परक्याला देतात. पाहुण्याच्या भाजीची तारीफ, शेजारच्या सुनेची तारीफ, दुसऱ्याच्या मुलाच्या हुशारीची तारीफ. आपल्या माणसाला आठच, ते तर आपलंच आहे. मायेचा हा मोठा अजब कारभार आहे आणि आपण सगळे त्यात वाढलेलो आहोत.

जलेबी खाऊन झाल्यावर रेवानं बापाला गाठलंच. बाबा, तुम्ही बताओ, कसं झालं? हे हात धुवत होते. म्हणाले, “नियम तूच आणला. घरच्यांना मार्क नाही.” आणि टॉवेलला हात पुसून आत गेले. रेवा मला म्हणाली, बाबांनी माझा वारा बंद केला, हवा ही निकाल दी. त्यांनी बटण काहून बंद केलं ते मी पाहिलं होतं. कूलरच्या घरघरीत तिचे बारीक सूर बुडत होते. ते मी तिला सांगितलंही. पण असली गोष्ट दुसऱ्यानं सांगून पोचत नाही.

दोन दिवसांनी हे तिला घेऊन बाजारात गेले आणि बॅग घेऊन आले. मोठी, कडक, चाकांची. जाऊ का, हे तिला पुन्हा विचारावं लागलं नाही. घरी आल्यावर ह्यांनी त्या बॅगेची प्रत्येक चेन पुन्हा पुन्हा उघडून मिटून पाहिली, चाकं फिरवली, कुलूप लावून ओढून बघितलं. मग म्हणाले, ठीक आहे. म्हणजे बॅगेला मिळालं. मी आणि रेवा एकमेकींकडं पाहून इतक्या हसलो की ह्यांना वाटलं, चाक वाकडं आहे.

ती गेली. पण आमची स्पर्धा बंद पडली नाही. आता प्रत्येक मे महिन्यात गल्लीत चोरून गुणगुणणं सुरू होतं. मला कधी कधी वाटतं, त्या टीव्हीवरच्या स्पर्धेत मला भाषा एकही येत नाही, तरी मी पोहे गार होऊ देते. एखाद्या छोट्याशा देशाची पोरगी तिच्या आजीच्या बोलीत गात असते आणि तिला बारा कुठून येतात, तर कधी ऐकलंही नसेल अशा दूरच्या गावातून. इकडे आपण मे महिन्याच्या उकाड्यात बसून तिच्यासाठी टाळ्या वाजवतो. गल्लीत घरोघरी आपण पोरांना मराठी बोला म्हणून मागं लागतो, आणि ती पोरं हिंदीत उत्तर देतात. पण गल्लीच्या स्पर्धेत गाणं रचायची वेळ आली की मराठी शब्द शोधत माझ्याकडं येतात. भाषेला बहुतेक गाऊन घेतलेलं आवडतं, समजावून सांगितलेलं नाही.

गेल्या रविवारी पुन्हा झाली. आता देश पाच आहेत. रेवा तिकडून, स्क्रीनवरून, एस्टोनिया म्हणून गाते आणि माल्टाची गादी माझ्याकडं आली आहे. नद्यांच्या नावांचं ते जुनं गाणं मी शेवटी म्हणून टाकलं. गोदावरीपाशी श्वास संपला, कृष्णा कशीबशी पार केली. गच्चीवर स्टुलावर लॅपटॉप होता, त्यात रेवा, तिच्यामागं खिडकी आणि खिडकीत नुकती पालवी फुटलेलं झाड. तिकडे अजून स्वेटर होता, इकडे आमच्या पाठीला साड्या चिकटलेल्या.

तिची पाळी आली तसे हे उठले आणि कूलर बंद केला.

गावंडे काका कळवळले. काहून बंद केला बा, आंग जळून राहिलं. हे परत येऊन गुडघ्यांवर हात ठेवून बसले. रेवानं तिकडं सुरुवातीसाठी श्वास घेतला होता. घरघर थांबलेली तिला ऐकू आली असणार, कारण ती थांबली, स्क्रीनच्या अगदी जवळ आली आणि बापाकडं बघत राहिली. मग मागं सरून गायली. बर्फावर गाणं होतं. बर्फ पडताना तिथं जशी शांतता असते तशी आपल्याकडे फक्त मे महिन्याच्या दुपारी असते, असं काहीसं.

मार्क द्यायला सगळे आपापल्या स्वयंपाकघरात गेले. आमच्याकडून हे खाली गेले. मी आणि रेवा गच्चीवर. मी खुर्चीत, ती स्टुलावर. ह्यांचा नंबर शेवटचा होता. पडद्यावर आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट घातलेला होता आणि मागं ओट्यावर चहाचं भांडं तसंच पडलेलं. नमस्कार म्हणाले. पोर्तुगालला सात. ऑस्ट्रेलियाला आठ. फिनलंडला दहा. पडद्याच्या कोपऱ्यात शोभाकाकूंचा चेहरा उतरला, कारण इतक्या वर्षांत आमच्या घरानं त्यांना बाराखाली कधी दिलं नव्हतं.

मग हे थांबले. टीव्हीवरची माणसं थांबतात त्याहून जास्त थांबले. फोन नीट धरला, घसा साफ केला.

“राहिले बारा,” ते म्हणाले. “नियम पाहून घेतला मी. जो जिथं राहते त्या देशाचा. आमची पोट्टी आता तिकडं राहते. नियमात बसते.”

मला आनंद झाला. आणि त्याच वेळी बारा मार्क मिळवायला माझ्या मुलीला परकी व्हावं लागलं, असं वाटून गेलं. रेवाच्याही मनात तेच आलं की काय कोण जाणे, ती हसता हसता खिडकीकडं पाहायला लागली.

“एस्टोनिया,” हे म्हणाले, “चोवीस.”

तिन्ही स्वयंपाकघरांतून एकदम गलका झाला. गावंडे काकांनी विचारलं, इन्स्पेक्टर साहेब, चोवीस कुठून आणले? रेवानं वळून पाहिलं. मार्क मांडायचं काम अजून तिच्याकडेच आहे. “बाबा,” ती हळूच म्हणाली, “बाराच असतात.”

“माहीत आहे,” हे म्हणाले. “बारा एस्टोनियाले. नियमानं.” मग त्यांनी चष्मा काढला. “अन् बारा आमच्या रेवाले. तो नियम गेला चुलीत.”

रेवानं मांडले ते बाराच. नियमाची पक्की आहे, बापावर गेली आहे. उरलेले बारा ती तशीच घेऊन गेली.